निरोपाचं पान, स्वागताचं पान

मैत्रिणींनो, या सदरासाठी तुमची जी पत्रं येतात ती बहुतेक एका कागदात आटोपतात. मुलीचं कधी जमेल, ह्यांची बदली होईल का, घर होईल का, एवढंच विचारलेलं असतं. या वेळी मात्र आरे कॉलनीतून चांगलं चार पानी पत्र आलं. सोबत वहीच्या कागदावर पेन्सिलीनं काढलेली दोन चित्रं. एकात घोड्यावर बसलेला सांगाडा. दुसऱ्यात कड्याच्या टोकाशी उभा असलेला एक तरुण, खांद्यावरच्या काठीला गाठोडं बांधलेलं, पायाशी कुत्रं. चित्रं काही फारशी सुबक नव्हती. पण त्या सांगाड्यावर पेन्सिल इतकी दाबून फिरवली होती, की कागद फाटायचाच बाकी होता!

पत्रातला मुख्य भाग देते. "ताई, येत्या जूनमध्ये हे निवृत्त होतात. अठ्ठावीस वर्षं आम्ही इथल्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली. आता ती सोडावी लागेल. मुलगा म्हणतो, बदलापूरला माझ्याकडे चला, चौथा मजला असला तरी लिफ्ट आहे. हे म्हणतात, चिपळूणकडे गावी जाऊ, घराची डागडुजी करू. रोज रात्री जेवताना दोघांची वादावादी. मला कुणी काही विचारतच नाही. मध्यंतरी शेजारणीच्या सोबतीनं एकीकडे टॅरोचे पत्ते बघायला गेले. ही दोन पानं निघाली. बघणाऱ्या बाई म्हणाल्या, घरावर मोठं संकट आहे, शांती करावी लागेल, अकरा हजार खर्च येईल. ह्यांना सांगायची सोय नाही. हातातली एक बांगडी मोडावी असं सारखं मनात येतं. रात्र-रात्र झोप नाही. काय करू?"

बाई, बांगडी हातातच राहू द्या. हे आधी सांगून टाकते, मग बाकीचं.

हे पत्ते आले कुठून?

टॅरोचे पत्ते म्हणजे काही कुणा सिद्धपुरुषानं दिलेली विद्या नव्हे. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे पत्ते निघाले ते खेळायला. आपण दुपारी सतरंजी पसरून मेंढीकोट खेळतो ना, तसेच. त्यावरून भविष्य सांगण्याची टूम निघाली अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. म्हणजे तीनशेएक वर्षं लोक त्यांच्याशी नुसते खेळतच होते!

आपल्याकडे सावंतवाडीचा गंजिफा आहे, तोही असाच खेळ. दशावतारी गंजिफात १२० गोल पानं असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. मत्स्यापासून कल्कीपर्यंत सगळे हातात येतात, पण त्यावरून कुणी घाबरलेलं मी ऐकलं नाही. कल्कीचं पान आलं म्हणून घरात रडारड होत नाही. उलट राजा आला म्हणून खेळणारा खूष होतो.

आज बाजारात जो टॅरोचा जोड सर्वांत जास्त दिसतो तो १९०९ साली लंडनला निघाला. एकूण ७८ पानं : २२ मोठी आणि ५६ लहान. कल्पना आर्थर वेट या गृहस्थांची. पण सगळी चित्रं काढली पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी. मेहनताना मिळाला अगदी थोडा, आणि पुढे कित्येक वर्षं त्या जोडाला प्रकाशकाचं आणि वेटसाहेबांचं नाव राहिलं, बाईंचं नाही. राबणारे हात एकाचे आणि नाव दुसऱ्याचं, हे आपल्याला काही नवीन नाही!

तेव्हा हे पत्ते म्हणजे एका बाईनं काढलेली ७८ चित्रं, असं धरून चालावं. उद्या काय घडेल ते चित्राला ठाऊक नसतं. पण चित्राकडे नीट पाहिलं, की आपल्याच मनात अडून बसलेली गोष्ट सांगायला तोंड फुटतं. या सदरात आपण पत्ते वाचतो ते एवढ्याचसाठी.

जोडी वाचायची रीत

सुटं पान वाचलं की घोटाळा होतो. शेवट सांगणारं पान एकटं पाहिलं तर छाती दडपते, आणि सुरुवातीचं पान एकटं पाहिलं तर माणूस उगीच हुरळतं. म्हणून अशी पानं जोडीनं वाचावीत. डावीकडचं पान काय संपतं आहे ते सांगतं, उजवीकडचं काय सुरू होतं आहे ते. आणि दोहोंच्या मध्ये आपण स्वतःला एक प्रश्न विचारायचा : इथून द्यायचं काय, आणि बरोबर न्यायचं काय?

पत्र आरेहून आलं आहे, तेव्हा दाखला आरेचाच देते. आमच्या लहानपणी मुंबईत आरेचं दूध काचेच्या बाटलीतून मिळे. भल्या पहाटे केंद्रावर रांग लागायची. एका हातात दुधाचं कार्ड, दुसऱ्या हातातल्या पिशवीत रिकाम्या बाटल्या. रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे, आणि तीही स्वच्छ धुतलेली हवी. आई आदल्या रात्री बाटल्या विसळून पालथ्या घालायची. कार्ड मात्र देऊन टाकायचं नसे. ते दाखवायचं, आणि परत घरी आणून देवळीत जपून ठेवायचं. कार्ड हरवलं की घरात केवढा गहजब!

पत्त्यांची जोडी वाचायची ती अशीच. बाटली कुठली आणि कार्ड कुठलं, हे ओळखायचं. बाटली धुऊन परत करायची, कार्ड सांभाळायचं. कुढत बसणाऱ्या बायका बाटली छातीशी धरून बसतात. आणि घाईच्या बायका बाटलीबरोबर कार्डही देऊन येतात.

मृत्यू आणि भोळा

आता आरेच्या बाईंची जोडी. तेरावं पान मृत्यूचं. पांढऱ्या घोड्यावर सांगाडा, हातात काळं निशाण. घोड्यापुढे राजा पडलेला, धर्मगुरू हात जोडून उभा, एक मुलगी तोंड फिरवून गुडघ्यांवर बसलेली. आणि एक लहान मूल मात्र वर तोंड करून सरळ त्याच्याकडे बघतं आहे. आता मागे नजर टाका. दोन मनोऱ्यांच्या मधून सूर्य दिसतो. निशाणावर काय आहे? पांढरा गुलाब.

दुसरं पान शून्य क्रमांकाचं. इंग्रजीत त्याला 'फूल' म्हणतात, म्हणजे वेडा. मी त्याला भोळा म्हणते. आपल्या फुलाशी या नावाचा संबंध नाही. पण गंमत अशी, की त्या वेड्याच्या हातात खरोखरच एक फूल आहे, आणि तेही पांढरा गुलाबच!

तेव्हा या जोडीत निशाणावरचा गुलाब हातात येतो. घर, हुद्दा, रोजचा रस्ता ही बाटली. गुलाब हे कार्ड. या पानाचा अर्थ घरातलं कुणी जाणार असा लावणं हे अज्ञान तरी आहे, नाहीतर लबाडी. अठ्ठावीस वर्षांची नोकरी संपते आहे, क्वार्टर सुटते आहे. यापेक्षा मोठा शेवट त्या घरात आत्ता दुसरा कुठला? पान तेवढंच म्हणतं, आणि ते तर बाईंना पत्ते उघडायच्या आधीच माहीत होतं.

भोळ्याचं एक मात्र लक्षात ठेवा. तो वर बघत चालला आहे, पाय कड्याच्या टोकाला. त्याचं कुत्रं उडी मारून त्याला काहीतरी सांगतं आहे. नव्या सुरुवातीला उत्साह हवाच, पण पायाखालची जमीन कुणीतरी बघायला हवी. या घरात मुलगा आकाशाकडे बघतो, ह्यांची नजर गावाकडे. आणि जमीन बघणाऱ्या बाईंना कुणी विचारत नाही. माझ्या मते जोडीतली खरी गोम ही आहे.

हीच जोडी उलट क्रमानं आली तर? आधी भोळा, मग मृत्यू? तर अर्थ बदलतो. तुम्ही नवं काही सुरू करून बसला आहात, आणि त्यासाठी जुनं काहीतरी थांबवायचं राहिलं आहे. बाई नोकरीला लागली, पण सकाळचा डबा, संध्याकाळचा स्वयंपाक, धुणं, पाहुणा, सगळं पूर्वीसारखं एकटीच्याच अंगावर. इथे काहीतरी संपवायला हवं, नाहीतर बाई संपेल.

नेहमी विचारल्या जाणाऱ्या आणखी तीन जोड्या

मनोरा आणि तारा. सोळा आणि सतरा, मूळ क्रमातही लागोपाठचीच पानं. मनोऱ्यावर वीज पडते, शिखराचा मुकुट उडतो, दोन माणसं खाली कोसळतात. पुढच्या पानात तळ्याकाठी एक स्त्री दोन्ही हातांत घागरी घेऊन पाणी ओतते आहे, एक तळ्यात, एक जमिनीवर. मुकुट गेला, हात राहिले. १९८२ साली मुंबईतल्या गिरण्यांचा संप झाला, तेव्हा किती घरांवर अशी वीज पडली ते गिरणगावातल्या बायकांना विचारा. पगार गेला, पण पोळी लाटणारे, शिवणारे, निवडणारे हात होते, त्यांनी कित्येक चुली पेटत्या ठेवल्या. ही जोडी आली की आधी रडून घ्यावं, त्यात कमीपणा नाही. मग आपल्या हातांना काय येतं त्याची यादी करावी.

पेल्यांची अठ्ठी आणि पेल्याचा एक्का. आठ पेले नीट रचून ठेवलेले, आणि एक माणूस काठी टेकत त्यांच्याकडे पाठ करून चालला आहे. वर चंद्र. पेले फुटलेले नाहीत, सांडलेले नाहीत. तरी तो जातो. दुसऱ्या पानात ढगातून आलेल्या हातावर एकच पेला, पाण्यानं भरून वाहणारा. नवी सून आलेल्या घरी ही जोडी मला फार बोलकी वाटते. फडताळातले डबे तुम्हीच लावलेले, मिसळणाचा डबा तुमच्या हातचा. सगळं जागच्या जागी आहे, पण आता ओट्यापुढून बाजूला व्हायची वेळ आली. भांडण होऊन बाजूला होण्यापेक्षा, रचलेलं तसंच ठेवून आपणहून व्हावं. आणि आपल्यासाठी एकच पेला भरावा : भजन असो, पोहणं असो, की अर्धवट राहिलेली परीक्षा. आठ नकोत, एक पुरे.

तलवारींची दश्शी आणि तलवारींची छक्की. दश्शी बघवत नाही. पालथ्या पडलेल्या माणसाच्या पाठीत दहा तलवारी. पण दूर पाण्यापलीकडे फटफटलेलं दिसतं. छक्कीमध्ये नाव आहे. एक स्त्री डोक्यावरून पदर घेतल्यासारखी बसली आहे, शेजारी मूल, नावाडी नाव ढकलतो आहे. आणि सहा तलवारी नावेत उभ्या रोवलेल्या. वाटणीच्या कज्ज्यातून, जावा-दिरांच्या शब्दांतून, नाहीतर मारहाणीच्या संसारातून बाहेर पडलेल्या बायकांनी ही जोडी जरूर पाहावी. झालेल्या जखमा काठावर सोडून येता येत नाहीत, त्या नावेत बरोबर येतात. त्या उपटायची घाई केली तर भोकं पडून नाव बुडेल. आधी पलीकडे पोचा. पाणी एका बाजूला खवळलेलं आहे, दुसऱ्या बाजूला निवांत. नाव त्या निवांत बाजूनं चालली आहे असं समजा.

आरेचीच जोडी

बाईंनी पत्रात आणखी एक वाक्य लिहिलं आहे : "इथली झाडं गेली, माणसं गेली, आता आम्हीही जाणार." म्हणून ज्या जागेतून त्यांचं पत्र आलं त्या जागेचीच जोडी मांडून बघते.

पूर्वी मुंबईत म्हशींचे तबेले वस्तीत, दाटीवाटीनं असत. दूध महाग आणि भेसळीचं. ते तबेले शहराबाहेर हलवून १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. तिच्यामागे मुख्य डोकं होतं मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांचं. त्यांना पुढे १९६३ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्याबरोबर. ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंनी आरेत झाड लावून वसाहतीचं उद्घाटन केलं. सुमारे ३२०० एकर जागा, क्रमांक दिलेली युनिटं, त्यांत गोठे. शहरातल्या तबेल्यांचा शेवट, आरेची सुरुवात.

पण तिथे त्याआधीपासून वारल्यांचे पाडे होतेच. शहराच्या दृष्टीनं जी सुरुवात होती, ती पाड्यातल्या बाईच्या दृष्टीनं तिच्या रानाला कुंपण पडण्याची वेळ होती. पुढे २०१९ च्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांवर झाडं पडली. रात्रीच करवती चालल्या आणि लोक रस्त्यावर आले. त्यानंतर बरोबर पाच वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, आरेपासून भुयारी मेट्रो सुरू झाली. २०२५ च्या ऑक्टोबरपासून ती थेट कफ परेडपर्यंत जाते. तिथून रोज कामावर जाणारी बाई म्हणेल, माझा तास वाचला. झाडाखाली बसणारी म्हणेल, माझी सावली गेली. दोघी खरं बोलतात.

यावरून जोडी वाचताना आणखी एक प्रश्न विचारायला शिकावं : हा शेवट कुणाचा, आणि ही सुरुवात कुणाची? संसारातही असंच असतं. ह्यांची निवृत्ती ही त्यांच्या विश्रांतीची सुरुवात असते, आणि पुष्कळदा बाईच्या दुपारच्या विश्रांतीचा शेवट! गावी जाणं म्हणजे ह्यांना मोकळी हवा. पण विहिरीचं पाणी कोण काढणार? मुलाकडे राहणं म्हणजे मुलाचं समाधान. पण सुनेचा ओटा? पानं उलगडताना प्रत्येकाची बाजू मांडायची, आपलीही.

आरेच्या बाईंना

आता तुमच्यापुरतं सांगते. अकरा हजार देऊ नका, अकराशेही देऊ नका, आणि त्या बाईंकडे पुन्हा जाऊ नका. पत्ते बघून जो पैशासाठी भीती घालतो, किंवा आजार, आयुष्य, गर्भ यांबद्दल ठाम सांगतो, त्याच्या पुढ्यातून उठून यावं. झोप दोन-तीन आठवडे अशीच राहिली तर डॉक्टरांना दाखवा. त्याला पत्ते चालत नाहीत.

मग एका रविवारी, जेवणं झाल्यावर, बापलेकांना समोर बसवा. तुम्ही काढलेली चित्रं पुढे ठेवायला हरकत नाही. म्हणा, "मला दोन्ही ठिकाणी आधी पंधरा-पंधरा दिवस राहून बघायचं आहे. मग मी माझं मत सांगेन." एवढं एक वाक्य. ते आजवर कुणी विचारलं नाही म्हणून राहिलं. आता न विचारता सांगा.

बाटली धुवायची म्हणजे हिशेब स्वच्छ करायचे. ह्यांच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांवर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी तुमचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे ना, ते जून उजाडायच्या आत स्वतः वाचून बघा. बँकेचं खातं दोघांच्या नावे हवं. गॅस, रेशनकार्ड, आधार, मतदारयादी यांवरचा पत्ता बदलायची यादी करा. निवृत्तीचे पैसे हातात आले की सगळे एकदम मुलाच्या घरात किंवा गावच्या छपरात घालू नका; वर्षभराचा खर्च बाजूला काढा. ज्या घरात पैसे घालाल, तिथे कागदावर तुमचं नाव असू द्या.

आणि कार्ड? तुम्ही लिहिलंत की अंगणात तुमच्या हातचा कढीपत्ता आहे, सगळी वस्ती त्याच्या काड्या नेते. झाड नेता येणार नाही. पण कढीपत्त्याच्या मुळापासून रोपं फुटतात. पावसाची पहिली सर येऊन जमीन मऊ झाली, की त्यातलं एखादं मुळासकट, मातीसकट अलगद काढून कुंडीत लावा. ते बदलापूरच्या गॅलरीतही येईल आणि चिपळूणच्या परसातही. आणि उरलेल्या झाडाची माहिती नव्या बिऱ्हाडकरणीला देऊन या. बाटली धुऊन देणं म्हणतात ते हेच.

या आठवड्याचा अभ्यास

पत्ते विकत आणायलाच हवेत असं नाही. पोस्टकार्डाएवढे दोन कागद घ्या. एकावर तुमच्या घरात यंदा काय संपतं आहे ते लिहा, दुसऱ्यावर काय सुरू होतं आहे ते. शेजारी शेजारी ठेवा. दोन्हीकडे सारखी अशी एक गोष्ट शोधा आणि तिच्याखाली रेघ ओढा. आठवडाभर कागद फडताळात ठेवून पुन्हा काढून बघा. रेघ तिथेच ओढावीशी वाटली, तर ती खरी.

थोडक्यात उत्तरं

सांगलीच्या भगिनी : 'जग' आणि 'भोळा' ही जोडी मुलगी परदेशी गेल्यावर आली म्हणता. एक फेरा पुरा झाला, आकडा पुन्हा शून्यावर आला. आता तुम्हाला नवं काही शिकायचं आहे. तिच्या फोनची वाट बघणं हा काही उद्योग नव्हे!

ठाण्याच्या वाचक : तुमच्या दोन्ही पानांवर शेवटच आला म्हणून घाबरू नका. त्याचा अर्थ इतकाच, की पहिली बाटली अजून नीट धुतलेली नाही. सुरुवातीची घाई नको.

विलेपार्ल्याच्या वाचक : नाही, पत्ते देवघरात ठेवायची गरज नाही. लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा खणात ठेवा, एवढं पुरे.

आरेच्या बाई, जूननंतर जिथे असाल तिथून पत्र पाठवा. कढीपत्ता जगला की नाही, ते आम्हा सगळ्याजणींना कळू द्या.